ऑनलाइन एम.ए. करू की तालीम शोधू?

ताई, नमस्कार.
मी ४४ वर्षांची, चिपळूणला एका पतसंस्थेत नोकरी करते. आठवीपासून आमच्या आळीतल्या बाईंकडे गाणं शिकले. १९९९ साली गाण्याची 'मध्यमा पूर्ण' परीक्षा झाले. मग बी.कॉम., लग्न, मुलगा, आणि गाणं राहून गेलं. २०२१च्या पुरात बाईंनी लिहून दिलेल्या वह्या गेल्या, तानपुरा भिजला. दोन वर्षांपूर्वी बाईही गेल्या. आता मुलगा शिकायला बाहेरगावी आहे आणि संध्याकाळचे दोन तास माझे आहेत. एका विद्यापीठाच्या ऑनलाइन एम.ए. (संगीत) साठी मला रोज फोन येतोय. दोन वर्षांचे ८० हजार सांगतात, शनिवारपर्यंत भरले तर सवलत आहे म्हणे. मुलगा म्हणतो, परदेशी विद्यापीठांचे कोर्स फुकट बघता येतात, ते कर. माझं इंग्रजी जेमतेम. पुढे कुठे गाणं शिकवता आलं तर फार आवडेल. पण फोनच्या पडद्यावर गाणं शिकायचं म्हणजे बाईंशी प्रतारणा केल्यासारखं वाटतं. काय करू? आणि तो तानपुरा तेव्हापासून माळ्यावर पडून आहे, त्याचं काही होईल का?
एक वाचक, चिपळूण

सप्रेम नमस्कार.

शनिवारपर्यंत पैसे भरू नका. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आधी. ज्या विद्यापीठाला आपल्या शिकवण्याची खात्री असते ते विद्यार्थ्याला शनिवारचा धाक घालत नाही. रोज फोन करणारी व्यक्ती विद्यापीठाचीच असेल असंही धरून चालू नका. प्रवेश मिळवून देण्याच्या कमिशनवर पुष्कळ माणसं काम करतात, आणि तुमच्या गाण्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं.

विद्यापीठ मान्यताप्राप्त असणं वेगळं आणि त्याला संगीताचं एम.ए. ऑनलाइन चालवायची परवानगी असणं वेगळं. ही गफलत खूप जणांची होते. विद्यापीठ अनुदान आयोगाचा दूरशिक्षण विभाग आहे, त्याला सगळे 'डेब' म्हणतात. त्याच्या संकेतस्थळावर सत्रवार यादी असते: कोणती संस्था, कोणता अभ्यासक्रम, दूरस्थ की ऑनलाइन. त्या यादीत त्या विद्यापीठाच्या नावापुढे तुमच्या सत्रासाठी 'संगीत' असं दिसलं पाहिजे. व्यवस्थापनशास्त्राला परवानगी मिळाली म्हणून संगीताला मिळाली असं होत नाही. नाव यादीत असेल तर मात्र मनात किंतु ठेवू नका. अशी पदवी वर्गात बसून घेतलेल्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते, हे आयोगाने २०२२ साली स्पष्ट केलेलं आहे. आता प्रवेशाआधी विद्यार्थ्याला स्वतःचा डेब क्रमांक काढावा लागतो. तो तुमचा तुम्हीच काढा, ओटीपी कुणाला सांगू नका. आणि 'मागच्या तारखेची पदवी देतो' असं कानावर आलं तर पुढचं वाक्य ऐकूच नका.

यादीत नाव सापडलं तरी विद्यापीठाला एक ईमेल लिहा. प्रात्यक्षिकाची परीक्षा कोण घेतं आणि कुठे? साथीला तबलजी असतो का? आठवड्याला प्रत्यक्ष गाऊन घेण्याचे तास किती, आणि एका तुकडीत किती जण? उत्तर लेखीच मागा. 'विद्यार्थ्याने व्हिडिओ करून पाठवायचा' एवढंच उत्तर आलं, तर तिथे गाण्याविषयी शिकवतात, गाणं शिकवत नाहीत, हे समजून पैशांचा विचार करा.

गाण्याविषयी शिकण्यात कमीपणा अजिबात नाही. त्याच्याबद्दल पुढे लिहितेच. पण हा फरक तुम्हाला नीट दिसावा म्हणून भूप आणि देसकार हे दोन राग घेऊ. दोन्हींत तेच पाच स्वर, सा रे ग प ध. भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार आणि संवादी, म्हणजे त्याच्या खालोखालचा, धैवत, देसकाराचं नेमकं उलटं. भूप पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात, रमणारा आणि रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देसकार उत्तरांगातला, म्हणजे वरच्या अर्ध्यातला, सकाळचा. एवढं कुठलंही ऑनलाइन व्याख्यान तुम्हाला अर्ध्या तासात, तक्त्यासकट, छान समजावून देईल. परीक्षेत लिहिलंत तर पूर्ण गुण मिळतील. पण देसकार गाताना रिषभावर जरा रेंगाळलात की भूप डोकावायला लागतो. किती रेंगाळलं म्हणजे फार झालं, हे लिहून देता येत नाही.

माझ्या गुरूंनी मला देसकार द्यायला घेतला तेव्हा पहिले आठ-दहा दिवस फक्त 'सां ध प' म्हणवून घेतलं. मी धैवतावर उभी राहिले की त्यांच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर हलायला लागायची. बोलायचे काहीच नाहीत. बोटं हलताहेत म्हणजे जागा अजून लागलेली नाही, आणि ती थांबली की मी समजायचे, आता लागली. एकदा मी तिथेच न थांबता पुढे निघून गेले तर त्यांनी तानपुऱ्यावरचा माझा हात धरला आणि म्हणाले, "आत्ता कुठे आली होतीस, पळतेस कशाला?" माझ्या गळ्यात जो काही देसकार आहे तो त्या बोटांनी दिलेला आहे, आणि ती बोटं कॅमेऱ्याच्या चौकटीत येत नाहीत.

म्हणून मी ऑनलाइन तालमीच्या विरोधात आहे असं समजू नका. २०२०च्या टाळेबंदीत मीही व्हिडिओ कॉलवर शिकवायला लागले. पहिल्याच आठवड्यात एक विद्यार्थिनी संकोचत म्हणाली, "ताई, आज तानपुरा लावायचा राहिलाय का?" तानपुरा माझ्या हातात वाजत होता. मला कळेना हे काय चाललंय. पंधरा दिवसांनी तिच्या भावाने उलगडा केला. बोलण्यासाठी बनवलेल्या अशा ॲपमध्ये मागचा सततचा आवाज गाळून टाकायची सोय असते. पंखा, मिक्सर, पाऊस, असं सगळं ते पुसून काढतं. यंत्राच्या लेखी तानपुरा म्हणजेही एकसारखा, न थांबणारा आवाज, म्हणून त्याने तोही पुसला. इतकंच नाही, तिने लांबवलेला षड्जसुद्धा ते चार-पाच सेकंदांनी विरवून टाकत होतं. ते पंधरा दिवस मी त्या मुलीला दमसास कमी पडतोय म्हणून रागावत होते. याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हा पुढे कुणाकडे ऑनलाइन शिकायची वेळ आली तर पहिल्या तासाच्या आधीच ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाज गाळण्याची सोय बंद करा. 'ओरिजिनल साउंड' असा पर्याय दिसला तर तो चालू करा. तानपुरा तुमच्या खोलीत तुमचा तुम्ही लावायचा, गुरूंचा आवाज हेडफोनमधून घ्यायचा. फोन एका जागी ठेवा, हातात धरू नका. लहानसहान गोष्टी आहेत, पण यांच्यावाचून सगळा तास फुकट जातो.

दुसरी अडचण मात्र कुठल्याही सेटिंगने सुटत नाही. हवेतून आवाजाला १० मीटर जायला साधारण ३० मिलिसेकंद लागतात. तेवढ्या अंतरावरच्या माणसाबरोबर कसंबसं एका लयीत गाता येतं, त्यापलीकडे लय फाटते. व्हिडिओ कॉलवर तुमचा आवाज पोचून गुरूंचा परत यायला याच्या कितीतरी पट वेळ जातो. त्यामुळे गुरूंच्या आवाजात आवाज मिसळून गाणं, समोरच्या ठेक्यावर मुखडा पकडून समेला येणं, हे तिथे होत नाही. त्यांनी म्हणायचं, थांबायचं, मग तुम्ही म्हणायचं, एवढं होतं. अलंकार, पलटे, बंदिशीची बैठक यांसाठी ते पुरतं. लयकारीसाठी पुरत नाही.

यातून मला सापडलेला एक चांगला मार्ग सांगते. विद्यार्थ्याने आठवड्यातून एकदा तीन मिनिटांचा आलाप तानपुऱ्यासकट रेकॉर्ड करायचा आणि व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, म्हणजे फाइल आहे तशी पोचते. मी सवडीने ऐकते आणि लिहून कळवते: २ मिनिटं १० सेकंदांवर गंधार उतरलाय, तिथे श्वास आधी संपलाय. मग तो विद्यार्थी तेच पुन्हा ऐकतो. स्वतःचा उतरलेला गंधार स्वतःच्या कानाने पकडला की तो सहसा पुन्हा उतरत नाही. समोरासमोरच्या तालमीत हा अवसर मिळत नाही. ऑनलाइन शिकवण्याने मला दिलेली ही शिकवणीची नवी पद्धत आहे, आणि आता घरी येणाऱ्या मुलांकडूनही मी ती करून घेते.

आता तुमच्या मुलाच्या बाजूने बोलते, कारण तो बरोबर बोलतोय. २०१३ साली फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटने बेटोव्हेनच्या पियानो सोनाटांवर एक ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केला. शिकवणारे जोनाथन बिस, स्वतः नामवंत पियानोवादक. मला पाश्चात्त्य स्वरलेखन वाचता येत नाही, पियानोवर बोटही ठेवता येत नाही. तरी मी तो बघितला. एक माणूस पियानोपाशी बसून सांगत होता की रचनाकार इथे आपल्याला घरी परततोय असं वाटायला लावतो आणि दारापासून दुसरीकडेच वळवतो, आणि लगेच ते वाजवून दाखवत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी यमनातली एक जुनी बंदिश घेऊन बसले. तीस वर्षं गात होते ती. पण तिचा मुखडा दर वेळी ज्या स्वरावर येऊन बसतो तिथेच का बसतो, दुसरीकडे बसला असता तर काय हरवलं असतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा तपासलं. माझ्या गाण्यात त्याने काय फरक पडला ते मोजून सांगता येणार नाही, पण माझ्या शिकवण्यात पडला.

तसेच येल विद्यापीठाचे क्रेग राइट यांचे पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या ओळखीचे तास आहेत. सुरुवात करणाऱ्याला ते फार प्रेमाने हात धरून नेतात. एडिंबरा विद्यापीठाचा संगीताच्या मूलतत्त्वांचा अभ्यासक्रम आहे, तो स्वरलेखन शिकायचं असेल तरच घ्या. बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयाचे गीतलेखन आणि ध्वनिमुद्रणाचे अभ्यासक्रम नावाजलेले आहेत, पण तुमच्या वाटेवरचे नाहीत. प्रमाणपत्र नको असेल तर यांतलं काही पैसे न भरता बघता येतं, आणि प्रमाणपत्र हवंच असेल तर फी-सवलतीसाठी अर्ज करता येतो. मात्र ही प्रमाणपत्रं आपल्याकडे नोकरीच्या अर्जाला उपयोगी पडतील असं गृहीत धरू नका.

मला विचाराल तर सुरुवात परदेशातून करू नका. आयआयटी मद्रासच्या लक्ष्मी श्रीराम यांचा हिंदुस्थानी संगीताच्या रसग्रहणाचा अभ्यासक्रम एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षणमंचावर आहे. त्याच्यापासून करा. व्हिडिओ फुकट आहेत. एनपीटीईएलचं प्रमाणपत्र घ्यायचं असेल तर त्या सत्रात तो विषय परीक्षेला आहे का ते पाहून नाव नोंदवायचं, दर आठवड्याची गृहपाठाची प्रश्नावली सोडवायची आणि शेवटी नेमून दिलेल्या केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन परीक्षा द्यायची. गृहपाठाला २५ आणि परीक्षेला ७५ गुण असतात. परीक्षेची फी वेगळी. चिपळूणहून जवळचं केंद्र कुठलं पडतं ते नाव नोंदवण्याआधी बघून घ्या.

इंग्रजीची धास्ती मला समजते, पण तुम्ही ती जास्त घेतली आहे. व्हिडिओचा वेग कमी करा, खाली अक्षरं चालू ठेवा, शेजारी एक वही घ्या. पहिल्या आठवड्यात तुमच्या लक्षात येईल की ऑक्टेव्ह म्हणजे सप्तक, ड्रोन म्हणजे तानपुऱ्याचा अखंड सूर, पिच म्हणजे स्वराची उंची, इम्प्रोव्हायझेशन म्हणजे आपली उपज. तुमच्या गळ्याला या गोष्टी पंचवीस वर्षांपूर्वीच भेटल्या आहेत, फक्त त्यांची दुसरी नावं ऐकायची आहेत. साठ-सत्तर शब्दांची ती वही झाली की पुढचं अवघड जात नाही. मुलाला सुट्टीत घरी आल्यावर शेजारी बसवा. त्यालाही आई काय शिकतेय ते कळू दे.

आता शिकवण्याचं. 'शिकवता आलं तर आवडेल' हे तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय, पण मला वाटतं तीच तुमची खरी इच्छा आहे. तसं असेल तर तुमच्यापासून सगळ्यात जवळ विशारद ही परीक्षा आहे. मध्यमा पूर्णनंतर विशारद प्रथम आणि विशारद पूर्ण, दोनच पायऱ्या. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, परीक्षक समोर बसतात, तबलजी साथीला असतो, आणि तुम्हाला गावं लागतं. शाळेत किंवा खासगी वर्गात संगीतशिक्षक घेताना विशारद आहे का हे विचारतात, आणि पदवी दुसऱ्या विषयातली असेल तर संगीताच्या एम.ए.ला प्रवेश देतानाही बऱ्याच ठिकाणी तेच बघतात. महाविद्यालयात प्राध्यापक व्हायचं असेल तरच एम.ए.ला ५५ टक्के आणि वर 'नेट' ही पात्रता परीक्षा, हा रस्ता आहे. ४४व्या वर्षी तो बंद झालेला नाही. पण आधी दोन वर्षं गळा परत ताळ्यावर आणा, मग त्याचा विचार करा. पंचवीस वर्षं न गायलेल्या गळ्याने थेट एम.ए.च्या प्रात्यक्षिकाला बसणं स्वतःवर अन्याय होईल.

आणि गुरू शोधा. तुमच्या जवळच्या परीक्षा केंद्रावर जाऊन एवढंच विचारा, "विशारदला कुणाचे विद्यार्थी बसतात?" दोन-तीन नावं मिळतील. त्यांच्याकडे जाऊन एक तास नुसतं ऐकत बसा. ते मुलांना कुठे थांबवतात ते बघा. जो बेसूर झाल्यावर थांबवतो तो बरा, जो बेसूर होण्याच्या जरा आधी सावध करतो त्याच्याकडे राहा. चिपळुणात कुणी नाहीच मिळालं तर रत्नागिरी, कोल्हापूर, पुणे, जिथे मन बसेल तिथे महिन्यातून दोन रविवार प्रत्यक्ष जायचं आणि मधले आठवडे रेकॉर्डिंगवर काढायचे. मी स्वतः अशा दोघीजणींना शिकवते, त्यांचं उत्तम चाललंय. पण ते दोन रविवार चुकवायचे नाहीत. तुमच्या ८० हजारांत दोन वर्षांची तालीम, एसटीचा प्रवास आणि परीक्षांची फी भागून काही उरेलही.

बाईंबद्दल तुम्ही जे लिहिलंत त्याने मी अस्वस्थ झाले. तुम्ही ज्या मध्यमा पूर्णचा उल्लेख अभिमानाने केलात ती परीक्षा कुठून आली ते आठवून बघा. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेव्हा गाणं वर्गात, वेळापत्रक लावून, छापील पुस्तकातून आणि परीक्षा घेऊन शिकवणं ही मोठीच नवी गोष्ट होती. गुरूच्या घरी पाणी भरून, वर्षानुवर्षं सेवा करून जे मिळायचं ते फळ्यावर लिहायचं, हे पुष्कळांना पटण्यासारखं नव्हतं. पलुस्कर स्वतः मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्या जुन्याच पद्धतीने शिकलेले. त्यांनी गुरूचा अपमान केला असं आज कुणी म्हणणार नाही. त्यांच्यामुळे तुमच्या आळीत बाई होत्या, आणि बाईंमुळे आठवीतली तुम्ही. बाईंनी वह्या लिहून दिल्या, म्हणजे तोंडी दिलेलं कागदावर ठेवायला त्याही कचरल्या नाहीत. पुढच्या काळातल्या साधनांना त्यांनी नाक मुरडलं असतं असं मला वाटत नाही.

त्या वह्या गेल्या हे मात्र खरंच नुकसान आहे. त्यावर एक करता येईल. बाईंकडे तुमच्याबरोबर शिकणाऱ्या मैत्रिणी कुठे ना कुठे असतील. त्यांना फोन करा. एकीला अस्ताई आठवत असेल, दुसरीला अंतरा, कुणाच्या माहेरी वही पुरातून वाचली असेल. ज्या बंदिशी जमतील त्या तुम्ही गाऊन रेकॉर्ड करा, पुढे 'बाईंनी शिकवलेली' असं बोला आणि सगळ्यांना पाठवा. ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या आधी, याच आठवड्यात करा. आठवणीही पाण्यासारख्याच ओसरतात.

तानपुरा माळ्यावरून आज उतरवा. उन्हात ठेवू नका, भोपळा तडकतो. सावलीत, वारा लागेल असा आठ दिवस आडवा ठेवा. तारा गंजल्या असतील, त्या सैल करून काढा, घोडी, म्हणजे तारा टेकतात तो ठोकळा, हललेली असेल तर जबरदस्तीने बसवू नका. भोपळ्यावर बोटाने हलकं वाजवून बघा. खणखणीत आवाज आला तर तो वाचलाय, भद्द आला तर आतून कुजला असण्याची शक्यता आहे, आणि तसं असलं तरी भोपळा बदलता येतो, दांडी तीच राहते. मग कुंभार्ली घाटाने कराड आणि तिथून रेल्वेने मिरज गाठा. तिथल्या सतारमेकर गल्लीत पिढ्यानपिढ्या हेच काम करणारी माणसं आहेत. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते यांच्याच हातांमुळे. जव्हारी, म्हणजे सूर गुंजावा म्हणून घोडीचा माथा घासून द्यायचा बाक, त्यांच्याकडून तुमच्यासमोर लावून घ्या आणि तुमची पट्टी आधी सांगा. गळा पंचवीस वर्षांनी एखाद्या सुराने खाली आला असेल, तेव्हा १९९९ची पट्टी सांगू नका, आजची सांगा. दुरुस्तीला काही दिवस लागतील, तोवर फोनवरच्या तानपुऱ्यावर सकाळी अर्धा तास खर्जाचा षड्ज लावायला सुरुवात करा.